पावणेदोन डॉलर

1966 च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस. टेक्सासच्या अगदी दक्षिणेकडून, रिओ ग्रान्दे नदीकाठच्या खरबुजांच्या शेतांमधून निघालेली संपकरी माणसं जवळजवळ दोन महिने चालत न्यू ब्राउनफेल्स गावापाशी आली होती. मागणी साधी होती: ताशी सव्वा डॉलर किमान मजुरी. 4 जुलैला निघून 5 सप्टेंबरला, म्हणजे तिथल्या कामगारदिनी, राजधानी ऑस्टिनमध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, पायऱ्यांवर पोहोचायचं आणि गव्हर्नरांसमोर गाऱ्हाणं मांडायचं, असा बेत होता. पण गव्हर्नरच वाटेत येऊन थडकले. जॉन कॉनली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी डॅलसमध्ये केनेडींच्या गाडीत बसलेले आणि गोळी लागूनही वाचलेले तेच. ते गाडीतून उतरले आणि त्यांनी सांगून टाकलं की कामगारदिनी आपण ऑस्टिनमध्ये नसणार, असतो तरी भेटलो नसतो, आणि मजुरीच्या कायद्यासाठी विधिमंडळाचं खास अधिवेशनही बोलावणार नाही. मग गाडीत बसून ते निघून गेले.

ही भेट मनातून जात नाही. नकार कचेरीत बसून चिठ्ठीवरही पाठवता आला असता. चारशे मैलांहून जास्त वाट तुडवत निघालेल्या, टाचा फुटलेल्या माणसांना उन्हात उभं करून ‘नाही’ सांगायला राज्याचा प्रमुख मुद्दाम येतो आणि त्याला त्याचं काहीही मोजावं लागत नाही. रागावलेल्या माणसाला वाटतं, हा उद्दामपणा झाला. मला मात्र जास्त अस्वस्थ करतं ते वेगळंच: त्या नकारामागे एक चोख हिशेब होता. समोरच्या रांगेत आपले मतदार फार थोडे आहेत, हे कॉनलींना पक्कं ठाऊक असणार.

हा हिशेब एका पावतीवर लिहिलेला होता. टेक्सासमध्ये मत द्यायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोल टॅक्स भरावा लागे. राज्याचा दीड डॉलर, वर काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, पंचवीस सेंट. मिळून पावणेदोन डॉलर, माणशी. नवरा-बायको दोघांनी मत द्यायचं म्हटलं तर साडेतीन. ताशी सव्वा डॉलर मिळावा म्हणून जो माणूस महिनोन्‌महिने चालतो, त्याच्या घरात पावणेदोन डॉलरचं वजन किती असेल ते वेगळं सांगायला नको. पण खरी मेख रकमेपेक्षा तारखांमध्ये होती. कर भरायची मुदत 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारी, आणि पक्षांतर्गत निवडणूक मे महिन्यात. म्हणजे उमेदवार कोण, मुद्दे कोणते हे कळायच्या आत पैसे भरायचे, पावती महिनोन्‌महिने जपायची, आणि मत द्यायची वेळ येईतो निम्मी घरं ट्रकमध्ये बसून उत्तरेला मिशिगन-मिनेसोटाकडे बीटच्या शेतांवर निघालेली. 1964 मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या निवडणुकांपुरता हा कर गेला. राज्याच्या निवडणुकांमधून तो न्यायालयाने काढला 1966 मध्येच, मोर्चा निघायच्या काही महिने आधी. कर गेला तरी दरवर्षी नव्याने नोंदणी करायची आणि तीही हिवाळ्यातच, हा नियम मात्र तसाच राहिला. तो एका फेडरल न्यायालयाने मोडला तेव्हा 1971 उजाडलं होतं.

आपल्याकडे मतदारयादी करणं ही सरकारची जबाबदारी असते. यादीत घोळ असतात, नावं गळतात, पण बीएलओ दारावर येतो आणि नाव नसलं की आपण त्याच्या नावाने ओरडतो. टेक्सासमध्ये ओझं उलट्या खांद्यावर आहे: नोंदणी मतदाराने स्वतः करायची. हे लक्षात घेतलं नाही तर नुसत्या नोंदणीच्या कामात एखाद्या माणसाने उभं आयुष्य का घालवावं, हे उमगत नाही.

तो माणूस म्हणजे विली वेलास्केस. जन्म 1944 चा, वाढला सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात, मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत. मोठा पाऊस झाला की तिथे रस्त्यांचे ओढे व्हायचे, कारण पाणी वाहून न्यायला धड गटारंच नव्हती. त्याच शहराच्या उत्तरेकडच्या नव्या वस्त्यांना ही चिंता नव्हती. विली सेंट मेरीज विद्यापीठात शिकला, आणि पुढे खरबूज तोडणाऱ्यांच्या त्या संपाच्या कामात पडला. 1967 मध्ये पाच तरुणांनी मिळून मेक्सिकन अमेरिकन यूथ ऑर्गनायझेशन काढली, ‘मायो’ म्हणतात ती. त्या पाचांतला एक विली. शाळांमधले बहिष्कार, सभा, घोषणा, पोलिसांशी खटके हा त्या पिढीचा रोजचा रिवाज होता. त्यातून 1970 मध्ये रासा उनिदा हा स्वतंत्र पक्ष निघाला. विली त्या वाटेने गेला नाही. त्याच्या काही जुन्या सोबत्यांना ही माघार वाटली. मला वाटतं, घोषणा संपल्यावर उरणाऱ्या कामाकडे त्याचं लक्ष आधीच गेलं होतं.

उरणारं काम म्हणजे मोजणं. आणि मोजण्याआधी पैसे उभे करणं, ज्यात एक कायदा आडवा आला. 1969 च्या करसुधारणा कायद्याने मोठ्या प्रतिष्ठानांना मतदार नोंदणीसाठी पैसे देण्यावर कडक अटी घातल्या. संस्था पक्षनिरपेक्ष हवी. काम निदान पाच राज्यांत चाललेलं हवं, एकाच निवडणुकीपुरतं नको. उत्पन्नातला 85 टक्के पैसा प्रत्यक्ष कामावर खर्च व्हायला हवा. कुठल्याही एका देणगीदार संस्थेचा वाटा पाव हिश्श्याहून जास्त नको. आणि ‘हा पैसा अमुक राज्यातच वापरा’ अशी अट देणगीला जोडलेली नको. फोर्ड फाउंडेशनच्या पैशावरून जो गदारोळ माजला त्यातून हा कायदा आला. त्या गदारोळात फोर्डच्या पैशावर चाललेल्या क्लीव्हलँडच्या नोंदणी मोहिमेचं नाव होतं, आणि त्याच वर्षी सॅन अँटोनियोचे खासदार हेन्री बी. गोन्सालेस हेही ‘मायो’पर्यंत पोहोचणाऱ्या फोर्डच्या पैशावर सभागृहात तुटून पडत होते. स्वतः मेक्सिकन-अमेरिकन, स्वतः नागरी हक्कांसाठी झगडलेले, पण या पोरांच्या भाषेने संतापलेले. विलीच्या तरुणपणीच्या संघटनेवर उठलेलं ते वादळ पुढे त्याच्याच प्रौढ कामाच्या दारात येऊन बसलं.

त्याने अटींपुढे हात टेकले नाहीत, अटींच्याच मापाचा अंगरखा शिवला. पाच राज्यं हवीत ना? टेक्सास, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, ॲरिझोना, कॅलिफोर्निया. मेक्सिकन-अमेरिकन वस्ती मुख्यतः याच पाचांत होती. एका निवडणुकीपुरतं नको? तो तर पिढ्यांचाच विचार करत होता. करखात्याकडे बराच काळ खेटे घालून 1974 मध्ये सॅन अँटोनियोत साउथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट उभा राहिला. घोषवाक्य पाच शब्दांचं: ‘सु वोतो एस सु वोस’, तुमचं मत हाच तुमचा आवाज. मराठी कानाला यात एक गंमतीची गोष्ट जाणवते. आपल्याकडे जे मनात असतं तेही मत आणि जे यंत्रात पडतं तेही मतच. स्पॅनिशमध्ये हे दोन वेगळे शब्द, त्यांना जोडायला घोषवाक्य लागलं.

आता कामाची रीत. बाहेरून कुणी येऊन मोहीम चालवली तर ती निवडणुकीबरोबर विरते, म्हणून पहिली पायरी गावातली समिती. चर्चची मंडळी, शाळेतले पालक, कामगार संघटना, जुने सैनिक, एरवी एकमेकांशी न बोलणारे गट एका टेबलाशी बसवायचे. मग जनगणनेचे आकडे आणि मतदान केंद्रवार याद्या शेजारी ठेवून बघायचं की कुठे माणसं आहेत आणि नोंदणी नाही. यादीत कोण मेक्सिकन-अमेरिकन हे ओळखायला आडनावंच हाताशी होती. जनगणना खातंही या पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांच्या यादीवरूनच मोजणी करत आलं होतं. ही पद्धत किती डळमळीत आहे हे गोव्याच्या माणसाला समजवावं लागणार नाही. फर्नांडिस किंवा रॉड्रिग्ज या आडनावावरून घर कुठलं आणि भाषा कुठली हे ठरवायला जाणारा फसतोच. टेक्सासमध्येही लग्नानंतर आडनाव बदललेली बाई यादीतून निसटते, ‘मार्टिन’ दोन्हीकडचा निघतो, आणि ज्याच्या आडनावाने ओळख पटते त्याला कधी स्पॅनिशचा शब्दही येत नसतो. तरी केंद्र निवडण्यापुरता अंदाज यातून येतो.

मग दारं. चर्चच्या पायऱ्यांवर टेबल मांडलं की एका सकाळी कार्डांचा गठ्ठा होतो, पण तिथे भरलेलं कार्ड घाईचं असतं. दारावर जाऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरलेलं कार्ड वेगळं. पुसलेलं ऑइलक्लॉथ, कडेला तव्यावरून उतरलेल्या तोर्तियांचा फडक्यात गुंडाळलेला ढीग, आणि पेन हातात धरून क्षणभर थांबलेली बाई. ‘आजवर कुणी विचारलंच नाही’ हे ऐकायला जो बसतो, त्यालाच मतदानाच्या दिवशी पुन्हा त्या दारात जाता येतं. कार्ड वाया जाण्याची कारणं ठरलेली असतात: सही राहते, पत्त्यात घर क्रमांकाऐवजी टपालपेटी लिहिली जाते, काउंटी चुकते, किंवा जुनीच नोंद असलेला माणूस पुन्हा भरतो. आडनावांचा घोळ सगळ्यात चिवट. स्पॅनिश रिवाजात बापाचं आणि आईचं अशी दोन आडनावं लागतात. कारकून शेवटचं धरतो, माणूस पहिलं सांगतो, आणि केंद्रावर ‘यादीत नाव नाही’ ऐकून मुकाट घरी जातो. तो पुढच्या वेळी येत नाही. म्हणून कार्ड जमा केलं की काम संपत नाही. यादी छापून आल्यावर आपल्या नोंदींशी एकेक नाव ताडून बघायचं आणि गळलेल्यासाठी मतदानाआधी कचेरीत जायचं. टेक्सासचा आजचा नियमही सैल नाही: नोंदणी करून घेणारा स्वयंसेवक काउंटीने नेमलेला लागतो, काउंट्या आहेत 254, भरलेला अर्ज पाच दिवसांत पोहोचवावा लागतो, आणि निवडणुकीच्या तीस दिवस आधी दार बंद.

एवढं करून निकाल काय? इथे विलीच्या कामाला वळण मिळालं. ते आकड्यांनीच समजतं म्हणून एक नमुन्याचं गाव घेऊ. वस्ती 10,000, त्यातले 6,000 मेक्सिकन-अमेरिकन, 4,000 अँग्लो, म्हणजे इंग्रजी बोलणारे गोरे. बहुमत कुणाचं, विचारायलाच नको. पण मेक्सिकन-अमेरिकन घरांत मुलं जास्त. अठराच्या आतले 2,700 वजा केले, उरले 3,300. अजून नागरिकत्व न मिळालेले 600 काढले, उरले 2,700. त्यातल्या 40 टक्क्यांची नोंदणी, म्हणजे 1,080. निम्मे मतदानाला गेले, 540. अँग्लो बाजूला मुलं 1,200, प्रौढ 2,800. नोंदणी 75 टक्के, 2,100. साठ टक्के मतदानाला गेले, 1,260. साठ टक्के वस्ती असलेली बाजू दुपटीहून जास्त मतांनी हरली. आता वर्षभर राबून नोंदणी 70 टक्क्यांवर आणि मतदान 60 टक्क्यांवर नेलं तरी मतं होतात 1,134. आणि सगळ्या जागा गावभर एकत्रच लढवल्या जात असतील तर एवढ्या घामानंतर हाती येतात शून्य जागा. एकही नाही.

कार्यकर्ते इथे मोडतात.

सगळ्या जागा गावभर लढवणं, हीच टेक्सासच्या शहरांची रीत होती. आपल्याकडच्या बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि प्रत्येक मतदार चारही जागांसाठी मत देतो. आता कल्पना करा की सगळं शहर हा एकच प्रभाग आहे. वर जागांना क्रमांक दिलेले, म्हणजे सगळ्यांनी आपली मतं एकाच उमेदवारामागे एकवटायची युक्तीही बंद. त्यावर जिंकायला निम्म्याहून जास्त मतांची अट, म्हणजे अँग्लो मतं दोघांत फुटून तिसरा निवडून आला असता तर तेही फेरमतदानात बुजवलं जातं. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या विधानसभेपुरते डॅलस आणि सॅन अँटोनियोचे असे बहुसदस्यीय मतदारसंघ रद्द केले, पण नगरपालिका, शाळामंडळं, काउंट्या यांचे नकाशे जसेच्या तसे होते. काउंटीचं तर विचारूच नका. प्रत्येक काउंटीचे चार भाग आणि चार कमिशनर, रस्ते-पूल त्यांच्या हातात. मिडलँड काउंटीत शहर असलेल्या एका भागात 67,906 माणसं होती आणि उरलेल्या तिघांत 852, 414 आणि 828. प्रत्येक भागाला कमिशनर एकच. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असं बजावलं. पण डोकी सारखी वाटूनही वस्तीचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या भागात बुडवता येतो, किंवा सगळी वस्ती एकाच भागात कोंबून उरलेले तीन मोकळे ठेवता येतात. विलीच्या माणसांनी काउंटीमागून काउंटीचे नकाशे टेबलावर पसरले आणि हेच पुन्हा पुन्हा दिसलं. तेव्हापासून नोंदणी आणि खटला ही त्याच्या कामाची दोन चाकं झाली. नोंदणीशिवाय खटला जिंकला तर कागदावरचा मतदारसंघ मिळतो, खटल्याशिवाय नोंदणी केली तर ते 1,134 मिळतात.

1975 मध्ये मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवताना संसदेने भाषिक अल्पसंख्याकांना त्यात घेतलं. मॅल्डेफ या कायदेविषयक संस्थेच्या व्हिल्मा मार्टिनेस यांचा त्यामागे मोठा वाटा. जिथे भाषिक अल्पसंख्याक पाच टक्क्यांहून जास्त, निवडणुकीचे कागद फक्त इंग्रजीत, आणि 1972 च्या निवडणुकीत नोंदणी किंवा मतदान निम्म्याहून कमी, असा प्रदेश केंद्राच्या देखरेखीखाली आला. अख्खं टेक्सास त्यात बसलं. आता सीमा हलवायची तरी आधी वॉशिंग्टनची संमती. पुढच्याच वर्षी न्यायखात्याने सॅन अँटोनियोच्या हद्दवाढीवर हरकत घेतली, आणि 1977 च्या सुरुवातीला शहराने थोडक्या मतांनी दहा वॉर्डांची रचना स्वीकारली. त्या वसंतातल्या निवडणुकीनंतर महापौर धरून अकरा जणांच्या सभागृहात पाच मेक्सिकन-अमेरिकन आणि एक कृष्णवर्णीय सदस्य होते. 1981 मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. त्याआधीचे मेक्सिकन वंशाचे महापौर हुआन सेगीन, 1842 साली.

मोठ्या भाषणांपेक्षा विलीला खड्डे, गटारं, दिवे, शाळेची बस यांचं जास्त वेड होतं. त्याचा आग्रह असे की घराबाहेरचा ओढा बुजवायची ताकद शाळामंडळात, वॉर्डात, काउंटीत आहे, म्हणून मोहीमही तिथूनच सुरू व्हावी. राष्ट्रीय नेता म्हणवून घ्यायची ओढ असणाऱ्याला हे जमत नाही. त्याच्या हयातीत संस्थेने दोनशेच्या आसपास गावाशहरांत हजाराच्या आसपास मोहिमा केल्या असं सांगतात. माझ्या डोळ्यांपुढे आकड्यापेक्षा त्यातली एकेक समिती येते. लाकडी खुर्च्या, थंड झालेली कॉफी, आणि हातातलं कार्ड उजेडाकडे धरून ‘हे सात आहे का एक?’ असं विचारणारं कुणीतरी.

1988 च्या वसंतात तो संस्थेतून रजा घेऊन डुकाकिसच्या अध्यक्षीय प्रचारात उतरला. लगेचच मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला आणि 15 जूनला तो गेला. वय 44. नोव्हेंबरच्या निवडणुकीला पाच महिने होते, म्हणजे नोंदणीचा ऐन हंगाम. काम अँडी हर्नांडेस यांनी हाती घेतलं. 1995 मध्ये क्लिंटन यांनी विलीला मरणोत्तर स्वातंत्र्यपदक दिलं. आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुठल्या प्रदेशांवर देखरेख ठेवायची ते ठरवणारं सूत्रच रद्द केलं. टेक्सासला नकाशा बदलण्याआधी वॉशिंग्टनकडे जावं लागेनासं झालं. मधली अडतीस वर्षं ज्या आधारावर कामं उभी राहिली तो आधार एका निकालात गेला, याचं दुःख हे काम जवळून पाहिलेल्या कुणालाही लपवता येत नाही. दारावर जायचं काम तेवढं कुणाच्या निकालावर अवलंबून नव्हतं. ते चालू आहे.

न्यू ब्राउनफेल्सला त्या दिवशी गव्हर्नरांची गाडी दिसेनाशी झाल्यावर माणसं तिथून परतली नाहीत. ती पुढे चालत राहिली. 5 सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये कॅपिटॉलसमोर हजारो जण जमले. गव्हर्नर नव्हते. जमलेल्यांपैकी किती जणांचं नाव मतदारयादीत आहे, कुठल्या काउंटीत, कुठल्या केंद्रावर, हे मोजणारी संस्था जन्माला यायला अजून आठ वर्षं होती.